बाहेरून येणारा बटाट्याचा रोग किती धोक्याचा, हे ठरवायचं कसं? वॉर्ट रोगावर एक पीआरए करून बघूया

ॲग्रीची डिग्री झाली, प्लँट प्रोटेक्शनमध्ये नवीन लागलात, आणि पहिल्याच महिन्यात कोणीतरी फाइल हातात देतं, की अमुक देशातून बटाट्याचं बेणं आणायचंय, तिकडे हा एक बुरशीचा रोग आहे, आपल्याला धोका किती ते लिहून द्या. मग माणूस काय करतो, रोगाचे फोटो काढतो, ते फुलकोबीसारखे फुगलेले काळे कंद बघून घाबरतो, आणि दोन पानं लक्षणं लिहून शेवटी "अत्यंत धोकादायक" असा शेरा मारून मोकळा होतो. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. माझ्या वरिष्ठांनी ती पानं बाजूला ठेवून एकच विचारलं, "हा इथे येणार कशातून?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की रोग किती भयानक दिसतो याच्याशी धोक्याचा फारसा संबंध नसतो, तो कुठल्या वाटेने येतो, आल्यावर टिकतो का आणि टिकला तर कोणाचं काय जातं, एवढंच बघायचं असतं.

याला पेस्ट रिस्क ॲनालिसिस म्हणतात, बोलताना सगळे पीआरए म्हणतात. जगभर त्याची एकच चौकट वापरतात, आयपीपीसी या वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराची मानकं, त्यातलं आयएसपीएम 2 म्हणजे सांगाडा आणि आयएसपीएम 11 म्हणजे क्वारंटाइन किडी-रोगांसाठीची सविस्तर पद्धत. दोन्ही नेटवर फुकट मिळतात आणि वाचायला वाटतात तेवढी अवघड नाहीत. आपल्याकडे आयातीचा कायदा म्हणजे 2003 चा प्लँट क्वारंटाइन ऑर्डर आणि तो चालवणारं केंद्राचं वनस्पती संरक्षण डायरेक्टोरेट फरीदाबादला. मानकात "पेस्ट" म्हणजे फक्त कीड नाही, बुरशी, जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी, तण सगळं त्यात येतं, हे एकदा लक्षात ठेवा म्हणजे वाचताना गोंधळ होत नाही.

उदाहरण म्हणून मी बटाट्याचा वॉर्ट रोग घेतोय, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे आणि भारताशी त्याचा खराखुरा संबंध आहे.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

हे काम पाच मिनिटांचं वाटतं पण इथेच निम्म्या पीआरए बिघडतात. "वॉर्टचा धोका किती" हा प्रश्न नाही. "अमुक देशातून पेरणीसाठी आणलेल्या बटाट्याच्या बेण्यातून वॉर्ट भारतात येऊन टिकण्याचा धोका किती" हा प्रश्न आहे. कुठला माल, कुठून, कशासाठी, आणि कुठल्या भूभागासाठी आपण उत्तर देतोय, हे चारही त्यात आलं पाहिजे. खाण्याचा बटाटा आणि बेण्याचा बटाटा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कारण खाण्याचा बटाटा शिजून जातो आणि बेणं थेट मातीत जातं. बेणं म्हणजे रोगाला घरपोच डिलिव्हरी.

मग रोगाची ओळख, पण कामापुरती

वॉर्ट करणारी बुरशी म्हणजे सिंकायट्रियम एन्डोबायोटिकम. ही खरी बुरशीच आहे, कायट्रिड गटातली. करपा करणारा फायटोफ्थोरा मात्र शास्त्राच्या हिशेबाने बुरशी नाही, ऊमायसीट आहे, तरी सगळे त्याला बुरशीच म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ते चालतं, फक्त पीआरएत गट नीट लिहा. तो करपाही आपल्याकडे बाहेरूनच आलाय बरं का, एकोणिसाव्या शतकात, निलगिरीत 1870 ते 1880 च्या दरम्यान त्याची पहिली नोंद आहे. त्यामुळे "परदेशी रोग कशाला येतोय इथे" असं कोणी म्हणालं तर करप्याचं उदाहरण द्या.

वॉर्टचा कंद हातात घेतला तर काय दिसतं ते सांगतो. सुरुवात डोळ्यापासून होते. जिथून कोंब यायचा तिथे वाटाण्याएवढी ओबडधोबड गाठ येते, जमिनीत असेल तर पांढरट-गुलाबी, बुंध्याशी उजेडात असेल तर हिरवट. मग ती वाढत जाऊन मुठीएवढीही होते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, आणि शेवटी काळी पडून कुजून मातीत मिसळते. या शेवटच्या टप्प्यातच खरी भानगड आहे, कारण त्या कुजलेल्या गाठीतून जाड भिंतीचे विश्रांतीचे बीजाणू मातीत उतरतात. सोनेरी-तपकिरी, गोलसर, साधारण 50 मायक्रॉनचे, साध्या मायक्रोस्कोपखाली बाहेरच्या भिंतीवरचे उंचवटे दिसतात. हे मातीत 30 वर्षांहून जास्त टिकल्याच्या नोंदी आहेत आणि अर्धा मीटर खोलपर्यंत सापडतात. म्हणजे बापाच्या शेतात रोग आला तर मुलाच्या हयातीतही ते शेत बटाट्याला मोकळं होईल याची खात्री नाही.

एक खूण पाठ करून ठेवा. वॉर्टच्या गाठी कंदावर, स्टोलनवर (ज्या जमिनीखालच्या फांदीच्या टोकाला कंद धरतो तिच्यावर), खोडाच्या बुडाशी येतात, मुळांवर येत नाहीत. मुळांवर गाठी दिसल्या तर आधी पावडरी स्कॅब किंवा सूत्रकृमीचा विचार करा. नमुना घेणाऱ्याने फक्त कंद पाठवला आणि मुळं तिथेच फेकून दिली तर हा फरक करताच येत नाही, म्हणून नमुना मागवताना अख्खं झाड मागवा.

आणि एक, या बुरशीचे 40 च्या वर पॅथोटाइप आहेत, म्हणजे दिसायला एकच पण कुठल्या वाणावर चालते आणि कुठल्यावर नाही यात फरक. युरोपात प्रतिकारक वाण लावून रोग बराच आटोक्यात आला होता, आणि 1941 मध्ये जर्मनीत असा पॅथोटाइप निघाला की जो त्या वाणांवरही रोग आणत होता. म्हणून "आपल्याकडे प्रतिकारक वाण आहेत" हे वाक्य पीआरएत कधी एकटं लिहू नका, कुठल्या पॅथोटाइपला प्रतिकारक ते सोबत लिहा.

रोग आधीच इथे आहे का?

हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. वॉर्ट भारतात आहे, पण फक्त एका कोपऱ्यात. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात 1953 मध्ये त्याची नोंद झाली आणि 1959 पासून तिथला बटाटा बाहेर नेण्यावर देशांतर्गत क्वारंटाइन आहे. आता बरेच नवीन लोक इथे चुकतात, म्हणतात की रोग देशात आहेच तर मग परदेशी कसा, पीआरए बंद करा. तसं नसतं. व्याख्येनुसार क्वारंटाइन पेस्ट म्हणजे जो त्या भागात नाही, किंवा आहे पण सगळीकडे पसरलेला नाही आणि सरकारी नियंत्रणाखाली आहे. दार्जिलिंगचं नियंत्रण नुसतं कागदावर राहिलं तर उद्या आपण दुसऱ्या देशाला "तुमचा बटाटा नको" म्हणायचा हक्कही गमावतो, कारण ते विचारणार की तुमच्या घरात आहे त्याचं काय. त्यातून पॅथोटाइपचा मुद्दा राहतोच, बाहेरून वेगळा पॅथोटाइप आला तर तो आपल्यासाठी नवीनच रोग समजा.

"नोंद नाही" आणि "शोधूनही सापडला नाही" यातला फरक प्रत्येक पीआरएत स्पष्ट लिहायचा. एखाद्या देशात कोणी सर्व्हेच केला नसेल तर नोंद कुठून येणार? सर्व्हे कधी झाला, किती शेतं बघितली, काढणीच्या वेळी बघितलं की उभ्या पिकात, हे विचारा. वॉर्टमध्ये पाल्यावर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, झाड वरून ठणठणीत आणि खाली गाठी. बांधावरून चालत जाऊन केलेल्या सर्व्हेला इथे किंमत नाही.

वाटा मोजा (यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा)

एक कोरा कागद घ्या आणि रोग ज्या ज्या वाटेने येऊ शकतो त्या सगळ्या लिहा, मग प्रत्येक वाटेवर एक एक पायरी चालत जा.

पहिली वाट बेणं. कंदावर गाठ दिसत असेल तर सॉर्टिंगमध्ये निघून जाईल, पण नुकती लागण झालेला डोळा नुसत्या नजरेला कळत नाही. दुसरी वाट म्हणजे कंदाला चिकटलेली माती, आणि ही मला पहिल्यापेक्षा मोठी वाटते कारण कंद निरोगी असला तरी माती आजारी असू शकते. साधा हिशेब करा. एकराला 10 क्विंटल बेणं धरलं आणि त्यावर वजनाच्या फक्त 1 टक्का माती धरली तरी एकरी 10 किलो परकी माती आपण आपल्याच हाताने पसरतो, तीही नेमकी बटाट्याच्या डोळ्याशेजारी. कधी बेण्याचं पोतं हाती लागलं तर एक कंद घ्या आणि डोळ्याच्या खाचेतली माती टाचणीने काढून पांढऱ्या कागदावर टाका. वरून स्वच्छ दिसणाऱ्या बटाट्यातूनही किती माती निघते ते बघाल.

तिसरी वाट खाण्याचा किंवा प्रोसेसिंगचा बटाटा. इथे लोक म्हणतात की तो तर फॅक्टरीत जातो, धोका शून्य. पण धुतलेलं पाणी कुठे जातं, गाळ कुठे जातो, सालं आणि खराब माल कोणाच्या गोठ्यात जातो? या बुरशीचे बीजाणू जनावरांच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात, आणि ते शेणखत परत शेतात येतं. फॅक्टरीचा गाळ कुठे जातो हे न विचारता या वाटेला "कमी" असा शेरा देऊ नका. शिवाय बाजारात स्वस्त मिळाला तर खाण्याचा बटाटा बेणं म्हणून लावणारे शेतकरी असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण ते पीआरएत लिहायला लोक कचरतात. लिहा.

चौथी वाट वापरलेली यंत्रं. सेकंडहँड हार्वेस्टर, प्लँटर परदेशातून येतात, चाकांच्या खाचांत आणि साखळीत वाळलेली माती असते. यासाठी आता वेगळं मानकच आहे, आयएसपीएम 41, 2017 चं. पाचवी वाट टिश्यू कल्चरची रोपं आणि मिनीट्यूबर, म्हणजे त्या रोपांपासून घेतलेले छोटे कंद, इथे नीट काम झालेलं असेल तर धोका फार कमी, कारण माती नाहीच, त्यासाठीही आयएसपीएम 33 आहे. आणि सहावी, जी कुठल्याच आकड्यात येत नाही, ती म्हणजे प्रवाशाच्या बॅगेतून आलेले चार बटाटे. "तिकडचा वाण फार भारी आहे, परसात लावून बघू" म्हणून आणलेले. कॅनडा, युरोपात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही हे प्रेमाने सांगावंसं वाटतं, चॉकलेट आणा, बटाटे नका आणू.

आला तर टिकेल का?

आता हवामान. पुस्तकात सापडेल की वॉर्टला थंड आणि ओलं लागतं, उन्हाळ्याचं सरासरी तापमान 18 अंशांपर्यंत, वर्षाला किमान 700 मिमी पाऊस, आणि 5 अंशांखालचे साधारण 160 दिवस. नवीन माणूस हे तीन आकडे घेतो, नकाशावर टाकतो आणि भारतातला जवळपास सगळा भाग खोडून टाकतो. पण थांबा. दार्जिलिंगला पाऊस भरपूर आणि उन्हाळा थंड हे खरं, पण 5 अंशांखालचे असे 160 दिवस तिथे भरत नाहीत, आणि तरी रोग तिथे सत्तर वर्षं आहे. म्हणजे हे आकडे रोगाला काय आवडतं ते सांगतात, त्याला काय चालतं ते सांगत नाहीत. आकड्यांची चाळणी लावण्याआधी रोग आज प्रत्यक्ष जिथे आहे ती सगळी ठिकाणं त्या चाळणीतून जातात का हे तपासा, जात नसतील तर चाळणी चुकीची.

मग महाराष्ट्राचं काय? मंचर, खेड, जुन्नर, तिकडे साताऱ्यात खटाव, हा आपला बटाट्याचा पट्टा. लागणीसाठी मातीत साधारण 12 ते 24 अंश आणि भरपूर ओल लागते. रब्बीच्या थंडीत भिजवलेल्या सरीत असे दिवस मिळू शकतात, खरिपातही ढगाळ पावसात माती गार राहते. पण एप्रिल-मे मध्ये तीच जमीन तापून निघते. माझं मत असं की आपल्या पठारावर वॉर्टने घट्ट बस्तान बसवण्याची शक्यता कमी, पण अनिश्चितता मध्यम. थंड डोंगराळ भागात मात्र, म्हणजे हिमाचल, उत्तराखंडच्या टेकड्या, मेघालय, निलगिरी, तिथे शक्यता जास्त. आणि याचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण मंचरचा शेतकरी दर हंगामात बेणं बाहेरूनच आणतो, पंजाबचं म्हणजे जालंधरकडचं बेणं इथे पिढ्यान्‌पिढ्या येतंय. बेणं देणाऱ्या साखळीत कुठे रोग शिरला तर इथे रोग टिकला नाही तरी बेण्याची गाडी थांबेल, आणि लावणीच्या तोंडावर बेणं नाही म्हणजे काय होतं हे त्या पट्ट्यातल्या कोणालाही विचारा.

इथे एक दुसरा रोग शेजारी ठेवून बघा म्हणजे मुद्दा लख्ख होतो. बटाट्याची काणी, थेकॅफोरा सोलानी, दक्षिण अमेरिकेतली. भारतात नाही, युरोपच्या ईप्पो संस्थेच्या ए1 यादीत आहे, म्हणजे त्यांच्याकडेही नाही. ही आधी अँडीज पर्वतातल्या उंचावरच्या थंड शेतांत माहीत होती, पण पुढे पेरूच्या समुद्रकाठच्या उष्ण भागातही सापडली. आणि ती धोतऱ्याच्या एका जातीवरही, दातुरा स्ट्रामोनियमवर, जगते. म्हणजे वॉर्टसाठी "गरम आहे, टिकणार नाही" हा आपला आधार काणीसाठी लागूच पडत नाही. दिसायला दोन्ही रोग गाठींचेच, पण एकाची पीआरए दुसऱ्याला चिकटवून चालत नाही.

पसरेल किती वेगाने?

बुरशी स्वतः फारशी कुठे जात नाही. तिचे पोहणारे बीजाणू तासा-दोन तासांत मरतात आणि मातीतल्या पाण्यातून जेमतेम पाचेक सेंटिमीटर जातात. बाकी सगळा प्रवास आपण घडवतो, बूट, कुळव, रोटाव्हेटर, भाड्याचा ट्रॅक्टर, पोती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर हा रोग 1909 मध्ये सापडला आणि आजही त्या बेटावरून कॅनडाच्या मुख्य भूमीकडे फेरीने जाणाऱ्या गाड्यांची मातीसाठी तपासणी होते, चाकं धुतली जातात. शंभर वर्षं झाली तरी. आपल्याकडे एकच ट्रॅक्टरवाला दिवसाला चार शेतं करतो, त्याची अवजारं मध्ये धुतली जात नाहीत, म्हणून मी आपल्या परिस्थितीत माणसाकडून होणारा प्रसार "जास्त" धरतो.

नुकसान म्हणजे फक्त उत्पादन नाही

याचं उदाहरण म्हणजे कॅनडाचा प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांत. ऑक्टोबर 2000 मध्ये तिथे एका शेतात वॉर्ट सापडला आणि अमेरिकेने त्या प्रांताच्या बटाट्याला दार बंद केलं. 2021 मध्ये परत काही शेतांत सापडला, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेला जाणारा ताजा बटाटा थांबवला गेला, खाण्याच्या बटाट्याचा अमेरिकेच्या मुख्य भूमीचा रस्ता एप्रिल 2022 मध्ये उघडला, आणि मधल्या काळात शेतकऱ्यांना चांगला, खाण्यालायक बटाटा बर्फावर पसरून नष्ट करावा लागला. वॉर्टने माणसाला काही होत नाही, त्या बटाट्यातल्या बहुतेकांवर रोगही नव्हता. नुकसान रोगाने केलं नाही, बंद झालेल्या बाजाराने केलं. पीआरएत उत्पादनाची घट, निर्यातबंदी, बेण्याचा व्यवसाय, आणि त्या शेतात वर्षानुवर्षं बटाटा लावता न येणं, हे सगळे रकाने वेगळे ठेवा. छोट्या शेतकऱ्याची एकरभर जमीन बटाट्यातून बाद होणं हे टक्केवारीत फार छोटं दिसतं, पण ते लिहिल्याशिवाय मी फाइल पुढे पाठवत नाही.

शेरा कसा द्यायचा

प्रत्येक टप्प्याला कमी, मध्यम, जास्त असा शेरा, आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना, अनिश्चिततेचा, त्यालाही कमी, मध्यम, जास्त. हे दोन कधीही एकत्र करू नका. माहिती नाही म्हणून धोका "जास्त" लिहिणं जितकं चूक तितकंच माहिती नाही म्हणून "कमी" लिहिणं चूक. आणि शेऱ्यांना 1, 2, 3 गुण देऊन गुणाकार करत बसू नका, तो आकडा छान दिसतो पण त्यामागे काही नसतं. येण्याची शक्यता नगण्य असेल तर नुकसान कितीही मोठं असलं तरी एकूण धोका खाली येतो, हे वाक्यात लिहा, वाचणाऱ्याला कळतं.

वरचं उदाहरण मी असं मांडेन: मातीसकट येणारं बेणं, प्रवेशाचा धोका जास्त, अनिश्चितता कमी. टिकण्याचा धोका देशभर बघता थंड टेकड्यांत जास्त, पठारावर कमी, अनिश्चितता मध्यम. प्रसार जास्त. नुकसान जास्त.

मग उपाय, आणि प्रत्येक उपाय एका वाटेला बांधलेला

"कडक तपासणी करावी" हा उपाय नाही, ती इच्छा आहे. बेण्यासाठी: रोगमुक्त म्हणून सिद्ध झालेल्या शेतातलंच, मातीची चाचणी झालेलं, धुतलेलं, किंवा त्याऐवजी टिश्यू कल्चर आणि मिनीट्यूबर. आल्यावर पोस्ट-एन्ट्री क्वारंटाइनमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या वेगळ्या जागेत, वाढवून बघणं. यंत्रांसाठी: निर्यातीआधी पूर्ण सफाई, बंदरावर साखळी उघडून बघणं. प्रोसेसिंगच्या बटाट्यासाठी: गाळ आणि सालांची विल्हेवाट ठरवून देणं. देशात: कुफ्री ज्योतीसारखे वॉर्टला प्रतिकारक वाण, जो आपल्याकडेही वर्षानुवर्षं लावला जातो, पण पॅथोटाइपची टीप जोडून. सगळ्यात कमी त्रासाचा जो उपाय धोका पुरेसा खाली आणतो तोच सुचवायचा, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत कारण नसताना व्यापार अडवता येत नाही, आणि ते बरोबरही आहे.

शेवटी नमुन्याबद्दल, कारण फाइलवर काम करता करता कधीतरी शेतातून फोन येतोच की "साहेब, कंदावर गाठी आल्यात." घाईने कंद खिशात किंवा गाडीत टाकून ऑफिसला आणू नका. शेतकऱ्याला सांगा, तिथेच थांबा, उपटलेलं परत उपटलेल्याच जागी ठेवा, जनावरांना घालू नका, उकिरड्यावर टाकू नका. फोटो काढा, जागा जीपीएसने नोंदवा, अख्खं झाड मुळांसकट दोन पिशव्यांत बंद करून वर लेबल लावा, प्रयोगशाळेला आधी कळवा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय पाठवू नका. आणि बांधावर आल्यावर बुटांच्या तळव्यातली माती काठीने काढून त्याच शेतात टाका, मग ब्रशने बूट घासा, मगच गाडीत बसा.